आक्कानं दिलेलं चोपण

आयुष्यभर तुला ‘अहो आक्का’ म्हणत आले, पदर सावरून, नजर खाली ठेवून. आज ‘तू’ म्हणणार आहे. तू थोरली जाऊ होतीस, दिंद्रुडच्या बाजारपेठेत तुझ्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. पण मेलेल्या माणसाला सगळेच अरेतुरे करतात, रडता रडतासुद्धा. मी रडत नाहीये. तरी तेवढा हक्क घेते.

परवापासून बायका येऊन सांगतायत, गेलेल्या माणसाबद्दल वाकडं बोलू नये. दुकानाच्या ओट्यावर बसल्या बसल्या तू किती पोरींची लग्नं जमवलीस, किती बाळंतिणींच्या घरी डिंक-खारका न मागता पोचत्या केल्यास, हे सगळं मी ऐकून घेतलं. त्यातलं काही खोटं नाही. पण त्या तुझ्या गिऱ्हाईक होत्या, आक्का. मी तुझी जाऊ होते. गिऱ्हाईकाला माणसाची एक बाजू दिसते.

मलाही आधी तीच दिसली होती. लग्न होऊन आले तेव्हा माझी भाकरी परातीतच मोडायची. तू माझ्या हातावर हात ठेवून थापायला शिकवलंस, सासूबाईंना कळू दिलं नाहीस. नारायणगडाच्या जत्रेला आपण दोघीच गेलो होतो. गर्दीत माझी चप्पल हरवली, तर तू आपली एक काढून मला दिलीस आणि दोघी एकेका पायात चप्पल घालून हसत गड उतरलो. आणि माझं पहिलं पोट पडलं त्या दिवशी दुकानाचं फळकूट बंद करून तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस.  केसांतून हात फिरवत राहिलीस. दुसऱ्यांदा झालं तेव्हाही तूच होतीस. तिसऱ्यांदा दिवस गेलेच नाहीत.

हे सगळं मी विसरले असते तर तुझ्यावर इतका राग धरता आला नसता. परक्या बाईचा राग वर्षभरात निवतो.

भांडण लागलं ते दुकानाच्या पाटीवरून. त्या वर्षांत सगळंच बदलत होतं. आपल्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या, थंड बाटल्यांचं कपाट आलं, कोपऱ्यात फोनची काचेची खोली आली, रंगीत चित्रांची बियाण्याची पाकिटं आली. पोती उतरवायचे आमचे हे, माजलगावहून माल आणायचे आमचे हे, आणि नवी पाटी रंगवून आली तर तिच्यावर नाव एकट्या थोरल्या भाऊजींचं. मी जेवायला वाढताना विचारलं, “दोगं भाऊ हायेत, मंग पाटीवर नाव एकाचंच कावून?”

भाऊजींनी भाकरी मोडली. आमचे हे ताटात बघत बसले. बोललीस तू. “नाव लावायला आदी नाव कमवावं लागतंय, सुमे.”

त्यानंतर आठवडाभरात आम्ही वेगळे झालो. वाटणी तूच केलीस. दुकान तुमचं, विहिरीच्या पाटाच्या कडेचं काळंभोर रान तुमचं, आणि बांधापलीकडचा उताराचा तुकडा आमचा. पंचांसमोर तू हसून म्हणालीस, “सुमीला भाजीपाल्याची लई हौस हाय. तिला तिकडंच बरं.”

तो तुकडा चोपण होता. तुला माहीत होतं, पंचांना माहीत होतं. पावसात त्या मातीत पाय टाकला तर चप्पल आत राहायची, आणि उघडीप पडली की तीच माती भाजल्या विटेसारखी व्हायची. पाणी वरच साचायचं, आत मुरायचं नाही. त्याच्यावर ऊन पडलं की पापुद्रा धरायचा, त्याला तडे जायचे, आणि तड्यांच्या मधल्या खपल्या कडेनं वर वळायच्या, तळलेल्या पापडासारख्या. गुरंसुद्धा तिथं चरायला जात नसत.

तरी मी वाफे पाडले. पहिल्या वर्षी उसनं अवसान आणून कुदळीनं ढेकळं फोडली, घरातलं होतं नव्हतं ते शेणखत पसरलं आणि मेथी पेरली. हलकं पाणी दिलं. सकाळी जाऊन बघते तर सगळे वाफे तुडुंब भरलेले, माती कालवून गढूळ झालेली. आमच्याकडे येणारा पाट तुमच्या रानातून यायचा. तो मध्येच फुटला होता आणि पाण्याचा लोंढा सरळ माझ्या पेरणीवर आला होता.

फुटलेल्या पाटाची कड कशी असते ते मी बघितलंय. ढासळलेली असते, ओबडधोबड. ही कड फावड्यानं कापलेली होती, बर्फीची वडी कापावी तशी.

मग ऊन पडलं. चार-पाच दिवस मी वाफ्यांकडे बघत राहिले, वर काहीच दिसेना. शेवटी खुरप्याचं टोक घालून एक खपली उचलली. ताटाएवढी निघाली. तिच्याखाली माझी मेथी होती. उगवली होती, आक्का. दाणा न् दाणा उगवला होता. दोऱ्यासारखे पिवळे कोंब, वर यायला वाट नाही म्हणून मान मुडपून आडवे वाढलेले. काही तर पापुद्र्याला डोकं लावूनच सुकले होते.

ती खपली मी घमेल्यात घालून दुकानात आणली आणि तुझ्या गल्ल्याशेजारी ठेवली. दुकानात दोन-चार बायका होत्या, फोनच्या खोलीत एक माणूस बोलत होता. मी म्हटलं, “ह्याच्याखाली माजी मेथी मेली. पाट कुनी फोडला?”

“फुटला आसंल. पाटच हाय, फुटतो कदी कदी.”

“फुटला न्हाई. कापलाय.”

“मंग जा की पोलिसात,” तू म्हणालीस. बायका हसल्या. तेवढ्यावर थांबली असतीस तर मी आज असं लिहिलं नसतं. पण तुला हसणाऱ्या बायका दिसल्या की तुझी जीभ थांबायची नाही. “सुमे, कशापायी जिवाला तरास करून घ्यायलीस? चोपनात काय उगवत आसतंय व्हय? जशी बाई तशी माती.”

आणि तू माझ्या पोटाकडे बघितलंस.

मग कुणी हसलं नाही.  तू फडकं घेतलंस, गल्ल्यावरचा चुरा पुसलास आणि फडकं मांडीवर झटकलंस. त्याच मांडीवर माझं डोकं होतं, आक्का, दोन वेळा.

मी घमेलं उचलून घरी आले. आमचे हे म्हणाले, “जाऊ दे. तिची जीभच तशी हाय.” मी म्हटलं, “जाऊ द्यायचं न्हाई. तुमाला यायचं आसंल तर या, न्हाईतर ते रान मी एकटी करते.” ते आले. हा माणूस आयुष्यात भांडला नाही कधी, पण फावडं घेऊन माझ्या मागं उभा राहिला.

पुढे तू मला दोन वेळा विचारलंस, मातीत काय घातलं. तेव्हा सांगितलं नाही. आता सांगते. आता तुला त्याचा काही उपयोग नाही, म्हणूनच सांगते.

आधी पाणी घालवलं. चोपणात सगळे पाणी घालत बसतात, मी बाहेर काढलं. उताराच्या कडेनं मांडीएवढा खोल चर खांदला. तुझं वाक्य दातांखाली धरून खांदला, म्हणून खांदता आला. एरवी त्या मातीत कुदळीचा दांडा मोडतो. मग आमचे हे माजलगावच्या कारखान्याबाहेरून मळी आणायला लागले. उसाच्या रसातून गाळून टाकलेली काळी, आंबूस घाण. गाडी गावातून यायची तेव्हा लोक नाकाला धोतर लावायचे. तू ओट्यावरून ओरडायचीस, “सुमीकडं अत्तर आलं गं!” ती मळी आम्ही वर्षभर कुजू दिली. बांधाकडून धनगरांचा कळप जायचा, त्यांना हातापाया पडून खतासाठी रानात मेंढ्या बसवायला लावल्या. पावसाळ्यात ताग पेरला आणि फुलावर यायच्या आत उभाच्या उभा गाडला. लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलं, हिरवं पीक मातीत घालतेय.

एवढं करूनही पापुद्रा यायचाच. तो वरचा रोग आहे, त्याला वरचंच औषध लागतं. मी बी मातीनं झाकणं सोडून दिलं. वरंब्याच्या बगलेला रेघ ओढायची, बी टाकायचं आणि त्यावर चाळलेलं शेणखत भुरभुरायचं. वरून उसाचं पाचट. पाटाचं पाणी थेट सोडायचं नाही, झारीनं द्यायचं, पाऊस पडल्यासारखं. आणि ओल्या रानात पाय ठेवायचा नाही, वाळल्या रानाला कुदळ लावायची नाही. दोन्हीच्या मधे वापशाचा एखादा दिवस येतो. मूठ दाबली की लाडू होतो आणि अंगठा लावला की फुटतो, तो दिवस. तेवढ्यात काम उरकायचं. त्या दिवसाची वाट बघायला मी शिकले. तुझीही तशीच वाट बघत होते.

पहिली मेथी आली तेव्हा मी तुझ्याकडे आले नाही. मेथी काय, वितभर मातीत येते. मुळा यायची वाट बघितली. कडक मातीत मुळा खाली जात नाही, त्याला फाटे फुटतात, बुटका राहतो. तिसऱ्या हिवाळ्यात मी एक मुळा धरून ओढला तर तो येतच राहिला, येतच राहिला. कोपरापासून बोटांपर्यंत माझ्या हाताएवढा. पांढराशुभ्र, सरळ. मी तो धुतला नाही. तसाच मातीसकट आणून तुझ्या गल्ल्याशेजारी ठेवला, खपली ठेवली होती तिथंच.

“माज्या चोपनातला हाय, आक्का.”

तू मुळ्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. मग पदरानं तो पुसलास, कडकन मोडलास आणि गिऱ्हाइकांसमोर चावून खाल्लास. “तिखट हाय,” म्हणालीस. “तुज्यावानी.”

मला हसू आलं होतं. ते मी रस्ता ओलांडेपर्यंत दाबून धरलं. दुसरी कुणी असती तर तिनं मुळा गटारात फेकला असता, आणि मग मला सूड घ्यायला काही मजाच राहिली नसती.

त्यानंतर मी आठवडी बाजाराला तुझ्या दुकानाच्या बरोबर समोर गोणपाट अंथरून बसायला लागले. बाजारात दुसरी जागा नव्हती असं नाही. मला तिथंच बसायचं होतं. लोक तुझ्याकडे मीठ-मिरची घ्यायचे आणि वळून माझ्याकडे भाजी घ्यायचे. सुमीची वांगी, सुमीचा चुका, सुमीची शेपू. ते नाव दिवसभर तुझ्या कानावर पडायचं. तू सुनेला मेथी आणायला पाठवायचीस, आणि समोर जुड्यांचा ढीग असताना मी सांगायचे, “संपली.” ती पोर बावरून ढिगाकडे बघायची. मी तुझ्याकडे बघायचे. तू काट्यात साखर घालत राहायचीस. आजही मला त्याची लाज वाटत नाही.

बाकीचं तुझ्या रानानंच केलं. धरणाचा कालवा आला आणि तुम्ही त्या काळ्याभोर रानात ऊस लावला. पाट तुमच्या हातात, म्हणून रात्रंदिवस पाणी. आमच्या वाट्याचं पाणीही उसातच जिरायचं. मी तक्रार केली नाही. मला झारीभर पुरत होतं. चर खांदायची अक्कल तुमच्याकडे कुणाला सुचली नाही. दोन-तीन वर्षांत रानावर खाराचे पांढरे ठिपके दिसायला लागले. मग ठिपक्यांचे पट्टे झाले. मग ऊस मनगटाएवढाही होईना. भाऊजी गेले त्या उन्हाळ्यात तर बांधावरून बघताना कळेना की चोपण अलीकडे आहे की पलीकडे. मला कळत होतं. मी रोज संध्याकाळी बांधावर उभी राहून बघायचे. जत्रा बघावी तशी.

एकदा तू स्वतः आलीस. गुडघे धरून, धापा टाकत बांधावर बसलीस. मी वांगी तोडत होते. बराच वेळ माझ्या वाफ्यांकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, “सुमे, काय घातलंस गं मातीत?”

मी वळून बघितलंही नाही. “जशी बाई तशी माती, आक्का.”

“ध्यानात ठिवलंस व्हय.”

“तुमी इसरलाव का?”

 “न्हाई,” म्हणालीस. मग हाताचा आधार घेत उठलीस आणि गेलीस. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या वाक्याबद्दल आपल्यात झालेलं बोलणं एवढंच.

पोटात गाठ निघाली तेव्हा तुझा लेक शिवा तुला बीडच्या दवाखान्यात घेऊन गेला, आणि महिनाभरानं परत घेऊन आला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यानं कुणाला सांगायची गरज पडली नाही. तुझी सून माझ्या दारात येऊन उभी राहिली. “काकू, आत्याबाईच्या तोंडाला चव न्हाई. चुक्याची भाजी मागायल्यात. तुमच्याच रानातली पायजे म्हन्त्यात.” या खेपेला ‘संपली’ म्हटलं नाही. रोज सकाळी कोवळा चुका खुडून दिला. भाजी पाठवली, पण मी आले नाही.

आले ते तू निरोप धाडलास तेव्हा. अंथरुणात तू एवढीशी दिसत होतीस. सुनेला बाहेर पाठवलंस आणि सरळ म्हणालीस, “पाट मीच कापलाता. तुजी मेथी येनार व्हती, मला दिसत व्हतं. ते मला बगवलं न्हाई. आन् ते बोलले ते बी मुद्दाम बोलले. माफी मागायची न्हाई मला. तू बी देऊ नगंस.”

“देत न्हाई,” मी म्हटलं.

“बरं.” तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. मग डोळे न उघडताच म्हणालीस, “म्या खरं सांगितलं. आता तू सांग. काय घातलंस मातीत?”

तुझं खरं तू देऊन टाकलंस, आक्का. माझं मी ठेवून घेतलं. तुझ्या अंगावरची गोधडी सारखी केली, तांब्या हाताशी ठेवला आणि निघून आले. दारात वळून बघितलं तर तू डोळे उघडून माझ्याकडे बघत होतीस आणि तुझ्या ओठांवर तेच मुळा मोडतानाचं हसू होतं.

परवा तू गेलीस. आपल्यात जाळत नाहीत, आपल्याच रानात मातीत बसवतात. शिवानं तुमच्या रानात जागा धरली. पाच-सहा गडी सकाळपासून खांदत होते. पहार मारली की टणकन वाजायची आणि बोटभर खड्डा पडायचा. कुणीतरी शहाण्यानं वर पाणी ओतायला लावलं, मग तर चिखल फावड्याला असा चिकटला की झटकून पडेना. ऊन चढत होतं. तुला ओट्यावर बसवून ठेवलं होतं, कपाळभर विभूती लावून. बायकांनी गायला सुरुवात केली होती, त्याही थकल्या.

शेवटी शिवा बांध ओलांडून माझ्याकडे आला. चाळिशीला टेकलेला माणूस, पण लहान लेकरासारखा हात चोळत उभा राहिला. “काकू, आमच्यात खड्डा व्हईना. तुमच्याकडची माती मऊ हाय. ह्या लिंबाच्या कडंला जरा जागा दिली तर…”

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. आमचे हेही बघत होते. त्यांच्या डोळ्यांत ‘हो’ होतं.

“न्हाई,” मी म्हटलं.

“काकू…”

“तुज्या आईला तिच्या रानात बसव, शिवा. माज्या रानात तिला जागा न्हाई.”

तो खाली मान घालून गेला. गड्यांनी पुन्हा पहारी उचलल्या. मी बांधावर बसून राहिले आणि एकेक घाव ऐकत राहिले. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते कानांनी ऐकत होते.

दुपार कलली तेव्हा खड्डा झाला. तुला आत बसवलं. मांडी घालून, ताठ, गल्ल्यावर बसायचीस तशी. बेलाची पानं घातली, मीठ घातलं. मग घरच्या माणसांनी एकेक मूठ माती घालायची होती. शिवानं घातली, सुनेनं घातली, आमच्या ह्यांनी घातली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी वाकून माती उचलली तर हातात ढेकूळ आलं. खड्ड्याच्या तळातून निघालेलं, नारळाएवढं, आतून जरा ओलसर. खाली बघितलं. तुझा चेहरा बरोबर माझ्या हाताखाली उघडा होता. मी ते ढेकूळ दोन्ही हातांत धरून दाबलं. फुटेना. गुडघ्यावर आपटलं, दोन तुकडे झाले. मग एकेक तुकडा तळहातात घेऊन अंगठ्यानं चुरत बसले. कडा टोकदार होत्या, हाताला लागत होत्या. बारीक माती बोटांतून तुझ्या पदरावर पडत होती. लोक कुजबुजायला लागले.

शिवा माझ्या कानाशी वाकला. “काकू, टाका आता तशीच. लोकं थांबलेत.”

“थांबू दे,” मी म्हटलं. “आजून खडा हाय.”